चौदा हजार मैल, दोन सायकली : एका दांपत्याच्या प्रवासाचा जमाखर्च

(सुवर्णमहोत्सवी कार्यक्रमातील व्याख्यानाचा मजकूर)



प्रवास ही आपल्या समाजाला परकी गोष्ट नाही. व्यापारउदिमासाठी गाव सोडून दूर मुलखात दुकान थाटणारा एखादा पूर्वज इथल्या बहुतेक घराण्यांत सापडेल. चातुर्मासाचे चार महिने एका स्थानी आणि उरलेले आठ महिने अनवाणी विहार करणारे साधु-साध्वी आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. अलीकडे मात्र घराघरांतून एका वेगळ्याच प्रवासाची वार्ता कानी येते. परदेशी नोकरी करणारे मुलगा आणि सून वर्षाच्या सुट्टीत दोन सायकली घेऊन निघतात. डॅन्यूब नदीच्या काठाने जर्मनीतील पासाऊ गावापासून ऑस्ट्रियाच्या व्हिएन्ना शहरापर्यंत तीनशेहून अधिक किलोमीटर अंतर आठवडाभरात कापतात आणि मग सायकली आगगाडीत चढवून घरी परततात. इकडे आजी-आजोबा विचारतात, "सुट्टी घ्यायची ती विसाव्यासाठी. मग एवढे पाय कशाला दुखवून घ्यायचे?"

प्रश्न साधा आहे. परंतु त्याचे उत्तर शोधू गेल्यास शंभर-सव्वाशे वर्षे मागे जावे लागते. आजच्या विषयाचे नायक-नायिका त्या काळातील एक अमेरिकन दांपत्य आहे : फॅनी बुलक वर्कमन आणि डॉक्टर विल्यम हंटर वर्कमन. या पतिपत्नींनी सायकलीवरून युरोप पाहिला, उत्तर आफ्रिका पाहिली आणि शेवटी आपला हिंदुस्थानही कन्याकुमारीकडील टोकापासून हिमालयापर्यंत पालथा घातला. त्यांच्यासाठी परदेश म्हणजे आपला देश होता. म्हणून त्यांच्या प्रवासाकडे पाहताना आपण एकाच वेळी श्रोतेही आहोत आणि यजमानही.

दोन सुखवस्तू घराणी

फॅनी बुलक यांचा जन्म ८ जानेवारी १८५९ रोजी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातील वुस्टर या गावी झाला. वडील अलेक्झांडर बुलक हे त्या राज्याचे गव्हर्नर होते. घरी शिक्षिका ठेवून, पुढे न्यूयॉर्क, पॅरिस आणि ड्रेस्डेन येथे त्यांचे शिक्षण झाले. १८८२ साली त्यांचा विवाह विल्यम वर्कमन यांच्याशी झाला. विल्यम वयाने बारा वर्षांनी मोठे, येल आणि हार्वर्ड येथे शिकलेले वैद्यक व्यावसायिक होते. डोंगर चढण्याची गोडी पत्नीला त्यांनीच लावली. न्यू हॅम्पशायरमधील व्हाइट माउंटन्स या डोंगररांगेत, जेथे स्त्रियाही गिर्यारोहण करीत, तेथे या जोडप्याची पावले प्रथम एकत्र पडली.

१८८४ साली त्यांना कन्या झाली. तिचे नाव रेचेल. पुढे दोघांच्याही वडिलांच्या निधनानंतर मोठी संपत्ती हाती आली. विल्यम यांनी प्रकृतीच्या कारणास्तव व्यवसाय सोडला आणि १८८९ साली हे कुटुंब जर्मनीत ड्रेस्डेन येथे राहावयास गेले. तेथे सिगफ्रीड नावाचा पुत्र जन्मला.

एक गोष्ट येथेच स्पष्ट करणे न्याय्य ठरेल. या दांपत्यापाशी वडिलोपार्जित धन होते, म्हणूनच त्यांना वर्षानुवर्षे फिरता आले. परंतु त्याच धनाच्या बळावर गालिचे, मेजवान्या आणि घोडागाड्या यांत आयुष्य घालविणारी शेकडो कुटुंबे त्या काळी होती. धन हाती असताना दोघांनी कष्टाची वाट निवडली, ही त्यांची विशेषता होय.

पुत्रवियोग

१८९३ साली सिगफ्रीड इन्फ्लुएंझा आणि न्यूमोनियाने दगावला. तेव्हा तो अगदी लहान होता.

अपत्याच्या मृत्यूनंतर पतिपत्नींचे काय होते, हे संसारी माणसाला सांगावयास नको. काही घरांत दोघे एकमेकांना आधार देतात. काही घरांत मौन पसरते आणि एका छताखाली दोन माणसे निरनिराळी राहू लागतात. वर्कमन दांपत्याने निराळाच मार्ग धरला. दोघे घराबाहेर पडले. यापुढे युरोपपलीकडच्या दूरच्या मुलखांत जावे, ही कल्पना फॅनीबाईंची होती आणि पतीने ती मान्य केली. ही शोकापासून पळवाट होती की शोक सहन करण्याची रीत होती, याचा निवाडा आज कोणी करू नये. एवढे खरे की त्यानंतरच्या वीस वर्षांत दोघे मोठ्या प्रवासाला एकमेकांवाचून निघाले असे सहसा घडले नाही.

सायकल नावाचे नवे वाहन

त्या काळी सायकल ही नवलाईची वस्तू होती. एक चाक माणसाच्या छातीएवढे उंच आणि दुसरे लहान, अशी जुनी सायकल स्त्रियांना वापरणे जवळजवळ अशक्य होते. १८८५ साली इंग्लंडमध्ये जॉन केंप स्टार्ली यांनी 'रोव्हर' ही दोन्ही चाके जवळजवळ सारखी असलेली, मागील चाकाला साखळी जोडलेली सायकल तयार केली. १८८८ साली बेलफास्टमधील पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यांनी हवा भरलेल्या धावेचे पेटंट घेतले. या दोन शोधांमुळे सायकल सर्वसामान्यांच्या आणि विशेषतः स्त्रियांच्या हाती आली. कोणी घोडा जुंपून देण्याची वाट पाहू नये, कोणाच्या गाडीत जागा मिळेल का असे विचारू नये, स्वतःच्या पायांनी निघावे आणि मनास येईल तेथे थांबावे, हे स्वातंत्र्य स्त्रीला या वाहनाने दिले.

फॅनीबाई लांब घोळदार झगा घालूनच सायकल चालवीत. वेग बदलण्याची सोय तेव्हाच्या सायकलींत सहसा नसे. चढ आला की उतरून सायकल ढकलावी लागे. अशा वाहनावरून त्यांनी पतीसमवेत अल्जीरियात ॲटलस पर्वत ओलांडून सहारा वाळवंटाच्या कडेपर्यंत मजल मारली आणि त्याचे पुस्तक १८९५ साली प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी स्पेनमध्ये त्यांनी सुमारे २,८०० मैल, म्हणजे साधारण ४,५०० किलोमीटर प्रवास केला. दिवसाकाठी सरासरी चाळिसाहून अधिक मैल आणि प्रसंगी ऐंशी मैल. आपल्या भागातील अंतरांत सांगावयाचे तर चाळीस मैल म्हणजे सांगलीहून कोल्हापूर गाठून पुढे कागलपर्यंत जाणे, आणि हे अनोळखी मुलखात, दिवसामागून दिवस.

या स्पेनच्या प्रवासात प्रत्येकाचे सामान होते वीस पौंड, म्हणजे नऊ किलोच्या आसपास. आपण चार दिवसांच्या तीर्थयात्रेला निघालो तरी खाकरे, चिवडा आणि लाडवांचे डबेच तेवढ्या वजनाचे भरतात! येथे मात्र जे न्यावयाचे त्याचा भार स्वतःच्याच पायांनी ओढावयाचा होता. त्यामुळे प्रत्येक वस्तू हाती घेऊन 'ही हवीच का?' असे विचारावे लागे. परिग्रहाचे परिमाण ठरविण्याचा विचार आपण व्रताच्या अंगाने करतो. तो विचार त्यांना चढाने शिकविला. कारणे वेगळी; पण ओझे कमी झाले की माणूस लांब जातो, हा अनुभव एकच.

हिंदुस्थानच्या रस्त्यांवर

१८९७ च्या अखेरीस सुरू झालेला प्रवास हा त्यांच्या सर्व सायकल-प्रवासांचा मुकुटमणी म्हणता येईल. फॅनीबाई अडतीस वर्षांच्या होत्या आणि डॉक्टर वर्कमन पन्नाशीचे. श्रीलंका, हिंदुस्थान, ब्रह्मदेश, जावा असा मुलूख त्यांनी सुमारे अडीच वर्षांत पाहिला. सायकलीवरील एकूण अंतर भरले चौदा हजार मैल, म्हणजे बावीस हजार किलोमीटरहून अधिक. त्यांपैकी हिंदुस्थानच्या दक्षिण टोकापासून हिमालयापर्यंतचे अंतरच चार हजार मैलांचे होते.

या प्रवासाचे व्यावहारिक नियोजन ऐकण्यासारखे आहे. रस्ते बरे मिळावेत म्हणून ते शक्यतो लोहमार्गाच्या आसपासचे मोठे रस्ते धरीत. याचा दुसरा लाभ असा की मुक्कामाची सोय कोठेच झाली नाही तर स्टेशनच्या प्रतीक्षागृहात पाठ टेकता येई. सोबत चहा, साखर, बिस्किटे, चीज, डबाबंद मांस, पाणी, उशी, प्रत्येकी एक कांबळे, लेखनसाहित्य, औषधे आणि सायकल-दुरुस्तीची हत्यारे एवढेच सामान असे. त्यांचा आहार आपल्याला मानवणारा नव्हता, हे उघड आहे. परंतु कांबळ्यांची संख्या मात्र लक्षात ठेवावी.

कष्ट किती? एका दिवसात चाळीसपर्यंत पंक्चर काढण्याची वेळ त्यांच्यावर आली. आपल्यापैकी ज्यांनी शाळेत असताना सायकल वापरली असेल, त्यांना एक पंक्चर काढणे म्हणजे काय ते आठवत असेल. टायर सोडवावयाचा, ट्यूब बाहेर काढावयाची, हवा भरून पाण्यात बुडवून छिद्र शोधावयाचे, ती जागा घासून, सोल्युशन लावून ठिगळ चिकटवावयाचे आणि पुन्हा सर्व जागच्या जागी बसवावयाचे. गल्लीच्या टोकाला दुकान असते म्हणून आपले निभावते. या दोघांना हे सारे उन्हात, रस्त्याच्या कडेला बसून स्वतःच करावे लागे. त्यात पुरेसे पाणी नाही, जेवण वेळेवर नाही, डासांचे थवे आणि उंदरांनी भरलेल्या खोल्या.

अशा दिवसाच्या शेवटी दोन माणसे एकमेकांशी कोणत्या स्वरात बोलतात, यावर त्यांच्या संसाराची परीक्षा होते. सुखाच्या दिवसांत सहजीवन सोपे असते. दमलेल्या, भुकेल्या आणि धुळीने माखलेल्या अवस्थेत जोडीदाराचे पंक्चर काढावयास पुन्हा खाली बसणे, हे सहजीवनाचे खरे माप. त्या मापाने हे दांपत्य उतरले. पुढे हिमालयातील मोहिमांमध्ये तर त्यांनी कामाची वाटणीच करून घेतली. एका वर्षी एकाने प्रवासाची सर्व व्यवस्था पाहावयाची आणि दुसऱ्याने शास्त्रीय निरीक्षणे करावयाची. पुढील वेळी उलट. त्यांनी आठ पुस्तके मिळून लिहिली आणि त्यांवर दोघांची नावे आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पतिपत्नींमधील ही बरोबरी असाधारणच मानली पाहिजे. ती त्यांच्या खात्यावर ठळक अक्षरांत जमा करावी.

पाहिलेले आणि न पाहिलेले

या प्रवासावरील त्यांचे पुस्तक १९०४ साली लंडन येथे प्रसिद्ध झाले. पुस्तकाच्या नावातच मंदिरे आणि हिंदुस्थानच्या मैदानी प्रदेशातील लोक यांचा उल्लेख आहे. फॅनीबाईंनी रामायण, महाभारत आणि जातककथा यांचा अभ्यास केला होता. प्राचीन शिल्प आणि वास्तू यांवर त्यांचे चित्त जडले. दगडात कोरलेल्या शिल्पासाठी उन्हातान्हात सायकल चालवीत येणारी ही परदेशी स्त्री आपल्या आदरास पात्र आहे.

परंतु यजमान या नात्याने दुसरी बाजूही पाहावयास हवी. ती वर्षे हिंदुस्थानच्या इतिहासातील अत्यंत कठीण वर्षे होती. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि पुढील वर्षी पुण्यात त्याने हाहाकार माजविला. प्लेगच्या बंदोबस्तातील जुलमामुळे २२ जून १८९७ रोजी पुण्यात रँडवर गोळी झाडली गेली. १८९९-१९०० चा दुष्काळ, म्हणजेच विक्रम संवत १९५६ चा 'छप्पनिया', गुजरात-राजस्थानातून आलेल्या आपल्या अनेक कुटुंबांच्या स्मृतीत आजी-पणजीच्या तोंडून उतरलेला आहे. त्या काळात अन्नछत्रे चालविणारे, जनावरांसाठी चारा पुरविणारे आणि पांजरापोळी सांभाळणारे श्रावक गावोगावी होते. वर्कमन दांपत्याच्या पुस्तकाचा भर मात्र प्राचीन वास्तुशिल्पावर राहिला. भोवतीच्या जिवंत माणसांच्या जीवनाला त्या मानाने थोडेच स्थान मिळाले. भग्न मंदिराचा स्तंभ दिसतो, पण त्या स्तंभाच्या सावलीत बसलेला माणूस तितका स्पष्ट दिसत नाही, ही प्रवाशाची नेहमीची चूक होय. ती आपणही करतो. तीर्थक्षेत्री जाऊन शिखराची छायाचित्रे घेतो आणि डोली उचलणाऱ्याचे नाव विचारावयाचे विसरतो.

हिमालयात तर ही उणीव त्यांना नडली. हमालांशी त्यांचे वारंवार खटके उडाले आणि हमाल काम सोडून गेले. त्यांच्याविषयी या दांपत्याने कठोर शब्द लिहिले. नंतरच्या अभ्यासकांनी या वागणुकीवर बोट ठेवले आहे आणि ते योग्यच आहे. ज्याच्या पाठीवर आपले ओझे आहे, त्याच्या थंडीची आणि भुकेची चौकशी करणे हा प्रवासाच्या तयारीचाच भाग असतो.

बर्फावर कोरलेले नाव

मैदानातील उन्हाळा असह्य झाला तेव्हा १८९८ साली या दोघांनी सायकली मागे ठेवल्या आणि लडाख, नुब्रा, सुरू या भागांत पायी भ्रमंती केली. हिमालयाने त्यांना असे वेड लावले की १९१२ पर्यंत ते पुन्हा पुन्हा येत राहिले. १८९९ साली त्यांनी स्विस वाटाड्या माथियास झुर्ब्रिगेन याला सोबत घेऊन बाल्टिस्तानातील बियाफो हिमनदीचा भाग पाहिला आणि काही शिखरे सर केली. त्यांपैकी सुमारे १८,६०० फूट उंचीच्या एका शिखराला त्यांनी नाव दिले 'सिगफ्रीडहॉर्न'.

सिगफ्रीड. सहा वर्षांपूर्वी गेलेले लेकरू. चौदा हजार मैलांच्या प्रवासात त्याचे ओझे वीस पौंडांच्या हिशेबात कोठेच धरलेले नव्हते. पण ते सोबत होते, हे त्या नावावरून कळते. आपल्याकडे दिवंगत व्यक्तीच्या स्मरणार्थ पाणपोई बांधतात, धर्मशाळेत खोली देतात, पाठशाळेला देणगी देतात. त्या मातापित्यांनी मुलाचे नाव निर्मनुष्य बर्फाला दिले.

पुढील यशाचा तपशील थोडक्यात सांगावयाचा तर १९०६ साली, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, फॅनीबाईंनी नुन-कुन परिसरातील पिनॅकल पीक हे सुमारे २२,७०० फुटांचे शिखर गाठून स्त्रियांमधील उंचीचा विक्रम केला. १९११ आणि १९१२ साली दोघांनी सियाचीन हिमनदीचे विस्तृत संशोधन केले. तेथील 'इंदिरा कोल' हे नाव त्याच मोहिमेतील असून ते लक्ष्मीच्या नावावरून दिलेले आहे. १९१२ साली सुमारे २१,००० फुटांवर फॅनीबाईंनी स्त्रियांना मताधिकार मिळावा असे सांगणारे वृत्तपत्र हाती धरून छायाचित्र काढून घेतले. अमेरिकेत तो अधिकार संविधानाने मिळण्यास १९२० साल उजाडावे लागले.

घरची वाट

आता या व्याख्यानातील अवघड भागाकडे वळले पाहिजे. प्रत्येक प्रवासाला एक परतीची वाट असते. या दांपत्याची परतीची वाट कोणत्या घराकडे जात होती?

कन्या रेचेल हिच्याविषयी आतापर्यंत फारसे बोलणे झाले नाही, कारण आईवडिलांच्या प्रवासात ती नव्हती. ते सायकलींवर असताना तिचा सांभाळ दाया आणि शाळा करीत. आईवडील हिंदुस्थानच्या प्रवासाला निघाले तेव्हा ती तेरा वर्षांची होती; परतले तेव्हा ती सोळाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर पोहोचली होती. एका मुलाच्या वियोगानंतर मातापिता उरलेल्या अपत्याला घट्ट कवटाळतील, अशी आपली कल्पना असते. येथे तसे झाले नाही. इंग्लंडमधील चेल्टनहॅम येथील मुलींच्या प्रसिद्ध शाळेत ती शिकली, पुढे एडिनबर्ग विद्यापीठात भूगर्भशास्त्राचा अभ्यास केला. ज्या डोंगरांनी आईवडिलांना तिच्यापासून दूर नेले, त्याच डोंगरांच्या दगडांचे शास्त्र तिने निवडले. १९१९ साली लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीने प्रथमच ज्या मोजक्या स्त्रियांना सदस्यत्व दिले, त्यांत तिचा समावेश होता.

तिचा विवाह १९११ साली सर अलेक्झांडर मॅकरॉबर्ट यांच्याशी झाला. त्याच वर्षी आईवडील काराकोरमच्या मोहिमेवर होते. योगायोग असा की जावयाचे कर्तृत्व हिंदुस्थानातच घडलेले होते. ज्या 'लाल इमली' गिरणीच्या ब्लँकेटांनी एके काळी आपल्याही घरांतील थंडी निवारली, ती कानपूरची लोकरीची गिरणी त्यांनी नावारूपाला आणली. १९२२ साली रेचेलला वैधव्य आले. तीन मुलगे होते. थोरला १९३८ साली विमान-अपघातात गेला आणि उरलेले दोघे वैमानिक १९४१ साली दुसऱ्या महायुद्धात एका महिन्याच्या आसपासच्या अंतराने कामी आले. ज्या आईने एका मुलाचा वियोग सोसला, तिच्या लेकीला तिन्ही मुलांचा वियोग सोसावा लागला. त्या दुःखाच्या पहिल्या आवेगात तिने सैन्याला बाँबफेकी विमानासाठी पंचवीस हजार पौंड दिले. अहिंसेच्या संस्कारात वाढलेल्या मनाला असे दान रुचणार नाही आणि रुचावे अशी अपेक्षाही नाही. परंतु १९४३ साली याच मातेने आपल्या मालमत्तेतून धर्मादाय विश्वस्तनिधी उभारला आणि तो आजही स्कॉटलंडमध्ये लोकोपयोगी कार्यासाठी मदत देतो. आईवडील सदैव प्रवासात असलेली ही मुलगी शेवटी स्कॉटलंडमधील एका गावी घट्ट मूळ धरून राहिली, हे ध्यानी घेण्यासारखे आहे.

फॅनीबाईंचे निधन २२ जानेवारी १९२५ रोजी फ्रान्समधील कान या शहरी झाले. मृत्युपत्रान्वये त्यांनी अमेरिकेतील रॅडक्लिफ, वेलस्ली, स्मिथ आणि ब्रिन मॉर या स्त्रियांच्या चार महाविद्यालयांना एकूण सव्वा लाख डॉलर दिले. डॉक्टर वर्कमन त्यानंतर बारा वर्षे जगले आणि १९३७ साली, वयाच्या नव्वदाव्या वर्षानंतर, त्यांनी देह ठेवला. दोघांच्या अस्थी आज वुस्टर येथील स्मशानभूमीत एकाच स्मारकाखाली आहेत आणि त्यावर 'हिमालयाचे आद्य संशोधक' अशा अर्थाचे शब्द कोरले आहेत. ज्या गावाहून दोघे निघाले त्याच गावी त्यांची परतीची वाट संपली. मात्र ती संपायला जवळजवळ अर्धे शतक लागले.

जमा आणि खर्च

बंधू-भगिनींनो, आपला समाज हिशेबाला पक्का म्हणून ओळखला जातो. दिवाळीला वही पूजतो आणि पूजण्यापूर्वी तिची बेरीज तपासतो. या दांपत्याची वही आपल्यासमोर उघडी आहे. जमेच्या बाजूला बरोबरीचे सहजीवन आहे, थोडक्या वस्तूंवर निभावण्याची शिस्त आहे, उतारवयाकडे झुकतानाही न थकणारी जिज्ञासा आहे आणि स्त्रीशिक्षणासाठी केलेले मोठे दान आहे. खर्चाच्या बाजूला वाटेत भेटलेल्या, पण न पाहिलेल्या माणसांची नोंद आहे आणि दूरच्या शाळेत वाढलेल्या एका मुलीचे बालपण आहे. जमेची बाजू मोठी आहे म्हणून खर्चाची नोंद खोडावयाची नसते. आणि खर्च झाला म्हणून जमा नाकारावयाचीही नसते.

आजी-आजोबांच्या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. सायकलीवरून परदेश पाहणारी आजची मुले विसावाच घेत असतात. फक्त तो शरीराचा नसून नात्याचा असतो. वर्षभर निरनिराळ्या वेळी घरी येणारी, निरनिराळ्या पडद्यांकडे पाहणारी ही दोघे आठवडाभर एकाच वाऱ्याला तोंड देतात, एकाच नकाशावर वाद घालतात आणि एकच पाण्याची बाटली वाटून पितात. त्यांना अडवू नये. उलट, सामान भरताना नऊ किलोंची गोष्ट त्यांना अवश्य सांगावी.

मात्र दोन गोष्टींचा आग्रह वडीलधाऱ्यांनी धरावा. पहिली ही की वाटेत ज्यांच्या अंगणात थांबाल, ज्यांच्या हातचे पाणी प्याल, त्यांचे नाव विचारून या. दुसरी अशी की नातवंडे सायकलीच्या मागील आसनावर बसण्याएवढी झाली की त्यांनाही न्या. आणि नेणे शक्य नसेल तर प्रवास त्यांच्या सुट्टीच्या मापाने आखा. परतीची तारीख त्यांना आधी सांगा आणि ती पाळा. वर्कमन दांपत्यापाशी धैर्य होते, धन होते, एकमेकांची साथ होती. उणे राहिले ते एवढेच.

आपल्या न्यासाने पन्नास वर्षे या गावात येणाऱ्या-जाणाऱ्यांची सोय पाहिली आहे. येथून निघणाऱ्या पुढील पिढ्या कोठेही जावोत, त्यांची परतीची वाट या अंगणापर्यंत खुली राहो, हीच या सुवर्णमहोत्सवी प्रसंगी सदिच्छा.